फ्रेंच संध्याकाळ किती रुपयांना पडते?

फ्रेंच संस्कृतीची हौस म्हटली की दोन खर्च डोळ्यांसमोर येतात. एक भाषेच्या वर्गाची फी आणि दुसरा मोठ्या हॉटेलातल्या वाइनसकट जेवणाचा. दोन्ही खर्च खरे आहेत, पण हौसेला सुरुवात तिथून करायचं कारण नाही. पुणे, मुंबई किंवा पणजीत राहणाऱ्या माणसाला वर्षभर फ्रेंच सिनेमा, संगीत, पुस्तकं आणि गप्पा मिळतील, आणि खर्च बहुतेक रिक्षाभाड्यात निघेल. शिवाय इथे जास्त पैसे मोजले म्हणजे जास्त फ्रेंच पदरात पडतं असंही नाही. सगळ्यांत महाग तिकिटाच्या संध्याकाळी तुम्ही बहुधा आपल्याच मित्रांशी मराठीत बोलून घरी येता. म्हणून या लेखात प्रत्येक गोष्टीचा भाव एकाच मापाने पाहू: या पैशांत फ्रेंच माणसांच्या, भाषेच्या किंवा कलेच्या सहवासाचे किती तास मिळाले?

खाली जिथे रुपयांचे आकडे आहेत, ते घरचं अंदाजपत्रक मांडता यावं म्हणून धरलेले ढोबळ आकडे आहेत. ते कोणत्याही संस्थेचं दरपत्रक नाही. दर सत्रागणिक बदलतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी चालू दर विचारून घ्या.

क्लब कुठला?

आपल्याकडे फ्रेंच क्लबचं काम प्रामुख्याने आलियाँस फ्राँसेझ करते. बोलताना सगळे तिला ‘अलायन्स’च म्हणतात. ही संस्था १८८३ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली आणि तिच्या सुरुवातीच्या मंडळींत लुई पाश्चर आणि ज्यूल व्हर्न यांच्यासारखी नावं होती. मुंबईची अलायन्स १९३८ची. चर्चगेटजवळ न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमध्ये तिचं केंद्र आहे. पुण्याची अलायन्स सेनापती बापट रस्त्यालगत पत्रकार नगरात आहे, आणि गोव्यात पणजीला.

ग्राहक म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रत्येक अलायन्स ही त्या त्या गावची स्वतंत्र, बिगर-नफा संस्था असते. पॅरिसहून चालणाऱ्या दुकानाची ती शाखा नाही. त्यामुळे पुण्याची फी, सवलत किंवा परताव्याचा नियम मुंबईत लागू होईलच असं नाही. शहर बदलणार असाल, तर सभासदत्व किंवा अर्धवट राहिलेला वर्ग दुसऱ्या केंद्रात चालेल का, हे लेखी विचारा.

अलायन्सखेरीजही दारं आहेत. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. मुंबई विद्यापीठाचा फ्रेंच विभाग कालिन्याला. तिथलं वातावरण क्लबपेक्षा कॉलेजचं, पण भाषा शिकून मग मोफत कार्यक्रमांना जायचं असेल तर हा मार्ग बऱ्याचदा स्वस्त पडतो.

फुकट ते किती?

मुंबईकरांनी फ्रेंच सिनेमासाठी पहिल्यांदा पैसे मोजले ७ जुलै १८९६ला. वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला आणि तिकीट होतं एक रुपया. आज अलायन्समधले सिनेमाचे खेळ बहुधा मोफत किंवा नाममात्र दरात असतात, आणि फ्रेंच न येणाऱ्यांसाठी इंग्रजी उपशीर्षकं असतात. ‘मोफत’ म्हणजे ‘जागा राखीव’ असं मात्र समजू नका. आधी येईल त्याला आधी जागा, हा इथला नेहमीचा नियम. गाजलेला सिनेमा असेल तर अर्धा तास आधी पोहोचा.

चित्रांची, छायाचित्रांची प्रदर्शनं आणि त्यांची उद्घाटनं यांनाही सहसा प्रवेशमूल्य नसतं. नवख्या माणसाला उद्घाटनाची संध्याकाळ सगळ्यांत सोयीची. कलाकार स्वतः हजर असतो, लोक उभ्याउभ्या गप्पा मारतात, आणि कोणाशी काय बोलावं हा प्रश्न पडलाच तर समोर भिंतीवर विषय टांगलेला असतो.

२१ जूनचा संगीतोत्सव, फेत द ला म्युझिक, चुकवू नका. १९८२ साली फ्रान्सच्या सांस्कृतिक मंत्रालयाने तो सुरू केला. त्याचं मूळ तत्त्वच असं की संगीत सर्वांना मोफत ऐकायला मिळावं आणि हौशी-व्यावसायिक दोघांनीही वाजवावं. आपल्याकडे तो कधी अलायन्सच्या आवारात होतो, कधी एखाद्या कॅफेत किंवा पबमध्ये. दुसऱ्या प्रकारात गाणं मोफत असलं तरी ‘किमान इतक्याचं खाणं-पिणं घ्यावं लागेल’ अशी अट असू शकते. ती आधी विचारा.

आणि ज्याच्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊच नये असा एक प्रकार: १४ जुलै, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाचा वकिलातीचा स्वागत समारंभ. तो निमंत्रितांसाठी असतो. त्याचा ‘पास मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा. त्याच दिवशी हॉटेलं आणि क्लब आपापली तिकिटाची जेवणं ठेवतात. ती खुशाल घ्या, पण ती वकिलातीची नव्हेत हे जाणून.

सभासदत्व घ्यावं का?

वार्षिक वर्गणी साधारण एक ते तीन हजार रुपये धरा. विद्यार्थी आणि ज्येष्ठांना सवलत असते, काही ठिकाणी कुटुंबाचं एकत्र सभासदत्व मिळतं. वर्गणी भरण्याआधी चार प्रश्न विचारा.

पहिला, वर्ष कधीपासून मोजतात? भरल्या तारखेपासून बारा महिने, की ठरावीक महिन्यापर्यंत? दुसरा प्रकार असेल तर वर्ष संपत आलेलं असताना पूर्ण वर्गणी भरू नका.

दुसरा, ग्रंथालय त्यात आहे का, आणि अनामत वेगळी आहे का? अनामत परत मिळते, पण पावती जपून ठेवणाऱ्यालाच.

तिसरा, कल्चरतेक मिळतं का? हे फ्रेंच सरकारच्या सांस्कृतिक यंत्रणेचं डिजिटल ग्रंथालय आहे. मासिकं, कादंबऱ्या, चित्रकथा, मुलांची पुस्तकं, संगीत, सगळं घरबसल्या. गावाबाहेर राहणाऱ्यासाठी वर्गणीतला सगळ्यांत कामाचा भाग बऱ्याचदा हाच असतो.

चौथा, तुम्ही वर्गाची फी भरणार असाल तर सभासदत्व त्यातच येतं का? अनेक ठिकाणी विद्यार्थी आपोआप सभासद होतात. मग दोनदा भरण्याचं कारण नाही.

ग्रंथालयात गेलात तर नुसत्या पाककृतींच्या पुस्तकांपाशी थांबू नका. मराठी-फ्रेंच नात्याचा माग काढायला तीच जागा. गी द्लरी या पुण्यात राहिलेल्या फ्रेंच अभ्यासकाने तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले आणि ते पुस्तक १९५६ साली पॅरिसमध्ये छापलं गेलं. गी प्वातव्हॅं यांनी हेमा राईरकरांबरोबर पुण्यात राहून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. उलट दिशेने पाहायचं तर ह. ना. आपट्यांचं ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ हे मोलियरच्या नाटकाचं मराठी रूप आहे. ते मराठीत वाचून मग मूळ फ्रेंच शेजारी ठेवलं, तर नवशिक्यालाही बरंच उलगडतं. असं काही मागवायचं असेल तर ग्रंथपालांशी बोला. त्यांच्याशी ओळख हा सभासदत्वाचा न छापलेला फायदा आहे.

हिशेब सोपा आहे. वर्षात आठ-दहा वेळा जाणार असाल किंवा दर महिन्याला दोन पुस्तकं आणणार असाल, तर सभासद व्हा. अन्यथा पहिले सहा महिने पाहुणे म्हणूनच जा. बहुतेक कार्यक्रम बाहेरच्यांनाही खुले असतात.

वर्ग आणि परीक्षा

भाषेच्या पातळ्या सहा: ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. क्लबमध्ये ओळख करून देणं, जेवण मागवणं, हवापाण्याच्या गप्पा एवढं हवं असेल तर ए-१ पुरे. वादावादी करायची असेल तर बी-१पर्यंत जावं लागतं. ए-१ला शंभर ते दीडशे तास लागतात आणि फी साधारण पंधरा ते तीस हजारांच्या घरात जाते. ती बऱ्याचदा दोन टप्प्यांत भरता येते.

फी विचारताना ‘कर धरून किती?’ हे विचाराच. समजा जाहिरातीत २२ हजार लिहिलं आहे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा आहे. मग आकडा २५,९६० होतो. जवळजवळ चार हजारांचा फरक पडला.

पुस्तकं वेगळी. पाठ्यपुस्तक आणि सरावपुस्तक मिळून हजार ते दीड हजार धरा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनं पाठ्यपुस्तक मिळालं तर घ्या, पण आवृत्ती तीच आहे ना ते पाहा. सरावपुस्तक मात्र जुनं घेऊ नका. आधीच्या विद्यार्थ्याने उत्तरं भरून ठेवलेली असतात, आणि ती बरोबर असतीलच असं नाही.

आता परीक्षा. डेल्फ ही फ्रेंच शिक्षण मंत्रालयाची पदविका आहे. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चार भागांना प्रत्येकी २५ गुण. एकूण ५० मिळाले आणि प्रत्येक भागात किमान ५ असले की उत्तीर्ण. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. शुल्क काही हजारांत असतं, पातळीबरोबर चढतं, आणि त्या केंद्राच्या विद्यार्थ्याला बाहेरच्यापेक्षा कमी पडतं. पण हौसेसाठी शिकणाऱ्याला परीक्षेची काहीच गरज नाही. क्लबात कोणी प्रमाणपत्र मागत नाही. आणि कॅनडात कायम वास्तव्यासाठी फ्रेंच शिकत असाल, तर डेल्फ चालत नाही. तिथे टेफ किंवा टीसीएफ या परीक्षांची कॅनडासाठीची आवृत्ती लागते आणि तिचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य असतो. त्यामुळे तिचे पैसे फार आधी भरून ठेवू नका.

वर्गाचा भाव तासाने काढला तर तो तिकिटाच्या जेवणापेक्षा कितीतरी स्वस्त दिसतो. कर धरून २६ हजार आणि १२० तास, म्हणजे तासाला दोनशे सोळा-सतरा रुपये. त्यात दहा-पंधरा माणसांची ओळख होते, आणि पुढे वर्षभर कार्यक्रमांना सोबत मिळते ती बहुधा याच माणसांची.

फ्रेंच बोलायला याहून स्वस्त एकच जागा: संभाषण मंडळ. आठवड्याला किंवा पंधरवड्याला काही लोक जमतात आणि तास-दीड तास फक्त फ्रेंचमध्ये बोलतात. सभासदांना बहुधा मोफत. तुमच्या केंद्रात असं मंडळ नसेल तर ‘सुरू करू का, खोली द्याल का’ असं विचारा. स्वयंसेवक कुठल्याही क्लबला हवेच असतात.

जेवणाचं बिल वाचायला शिका

फ्रेंचांचं सणासुदीचं जेवण २०१० साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं आणि बगेत, म्हणजे त्यांचा लांबट पाव, २०२२ साली. युनेस्कोच्या यादीत गेली ती एखादी पाककृती नाही, जेवायला बसण्याची सगळी रीत गेली: आधी पेय, मग सुरुवातीचा पदार्थ, मुख्य पदार्थ, चीज, गोड, आणि या सगळ्याभोवती तासन्‌तास गप्पा. तिकिटाचं जेवण घेताना हा क्रम किती पाळला जाणार आहे ते पाहा. ‘फ्रेंच बुफे’ असं लिहिलेलं असेल तर ती रीत नाही, नुसते पदार्थ आहेत.

समजा तिकीट माणशी अडीच हजार आहे. त्यावर ५ टक्के जीएसटी, १२५ रुपये. दोन पेले वाइन, करासकट १,४०० धरू. आणि बिलात १० टक्के सेवा शुल्क लावलं, २५०. अडीच हजारांचं जेवण ४,२७५ला गेलं. मोठ्या तारांकित हॉटेलात जेवणावरचा जीएसटी १८ टक्के असतो, तिथे आकडा आणखी वाढतो. मद्यावर जीएसटी नसतो, पण राज्याचा कर असतो.

यातलं सेवा शुल्क ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी त्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. बिलात ते आपोआप जोडता येत नाही. जोडलं असेल तर काढायला सांगा, शांतपणे. नकार मिळाला तर बिलाचा फोटो घ्या आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. सेवा आवडली असेल तर वाढणाऱ्याच्या हातात टीप द्या.

वाइनचा भाव इथे फ्रान्सच्या कितीतरी पट का, याचं उत्तर आयात करात आहे. कित्येक वर्षं तो दीडशे टक्के राहिला, आणि त्यावर राज्याचं शुल्क, दुकानाचा किंवा हॉटेलचा नफा चढतो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणारी बोजोले नूव्हो ही फ्रान्समध्ये साधी, स्वस्त, त्याच हंगामात पिऊन टाकायची वाइन आहे. इथे तिची बाटली चैनीची होऊन बसते. त्या संध्याकाळची गंमत एकत्र जमण्यात आहे. तेव्हा एक बाटली चाखायला आणि बाकी नाशिकची, असं ठरवलं तर कोणाचं काही बिघडत नाही. फेसाळ वाइन हवी असेल तर शाँदों या फ्रेंच घराण्याची वाइनरी दिंडोरीतच आहे. कार्यक्रमाला जाताना वयाचा पुरावा जवळ ठेवा. महाराष्ट्रात मद्यपानाला परवाना लागतो, तो तिथेच देतात की आपण आणायचा, हेही विचारा.

शाकाहारींनी काय विचारावं?

‘व्हेज आहे का?’ एवढा प्रश्न फ्रेंच स्वयंपाकघरात पुरत नाही. कांद्याचं सूप शाकाहारी वाटतं, पण पारंपरिक कृतीत ते गोमांसाच्या रश्श्यात करतात. कीश लोरेनमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. मूसमध्ये कधी जिलेटिन असतं. क्रेपमध्ये अंडं असतंच. चीजचं तर वेगळंच. कॉन्ते, रोकफोर आणि नॉर्मंडीचं पारंपरिक कामांबेर ही चीजं वासराच्या जठरातल्या विरजणाने, म्हणजे रेनेटने, बनतात. भारतात बनलेल्या चीजच्या वेष्टनावर हिरवी खूण असेल तर तो प्रश्न सुटतो. मुंबईची द स्पॉटेड काउ फ्रोमाजरी ‘बॉम्ब्री’ आणि ‘कामांबे’ अशा नावांनी या धाटणीची चीजं करते. पुणेकरांना चीजसाठी एबीसी फार्म्स ठाऊक आहेच.

तिकीट काढतानाच हे चार प्रश्न लेखी विचारा: रस्सा कशाचा? जिलेटिन आहे का? रेनेट कुठलं? आणि स्वयंपाकात वाइन आहे का? हे प्रश्न आयत्या वेळी वाढप्याला विचारून उपयोग नसतो. बिनधोक पदार्थही आहेतच. रातातुई म्हणजे वांगी, टोमॅटो, झुकिनी आणि ढोबळी मिरचीची रसदार भाजी. ग्रातँ दोफिनुआ हा बटाटा आणि सायीचा भाजलेला थर. ब्रिटनीतली गालेत कुट्टूचं पीठ, पाणी आणि मिठाची, बिनअंड्याची होते. फक्त आत हॅम घालू नका, असं सांगावं लागतं. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असणाऱ्या जैन मंडळींनी या जेवणांवर पैसे घालण्यापेक्षा खाली दिलेला घरगुती मार्ग धरावा.

चौकट: वर्षभरात काय, आणि किती खर्च

जानेवारी: गालेत दे रुआ, राजांचा केक. आत एक छोटी वस्तू लपवलेली असते. ज्याच्या वाट्याला ती येईल त्याला कागदी मुकुट, आणि रिवाजाप्रमाणे पुढचा केक त्याने आणायचा. चावताना दात सांभाळा. बेकरीतून आणला तर गटाने वर्गणी काढा.

२ फेब्रुवारी: शाँदलर, क्रेपचा दिवस. घरी करण्यासारखा सर्वांत स्वस्त सण.

मार्च: फ्रेंच भाषिक देशांचा महिना, २० तारीख मुख्य. सिनेमे, स्पर्धा, वाचन. बहुतेक मोफत. फ्रान्सबरोबर कॅनडा, बेल्जियम, स्वित्झर्लंड, आफ्रिकी देश यांचंही काही पाहायला मिळतं.

२१ जून: संगीतोत्सव. मोफत.

१४ जुलै: तिकिटाची जेवणं, दीड ते चार हजार धरा. अलायन्सचे छोटे कार्यक्रम त्याहून स्वस्त.

नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार: बोजोले नूव्हो. खर्च पेल्यावर अवलंबून.

डिसेंबर: नाताळचा बाजार. प्रवेश सहसा मोफत किंवा नाममात्र. खिसा हलका होतो तो खाद्यपदार्थांच्या टेबलांपाशी.

चार रीती, ज्यांना पैसे पडत नाहीत

कोणाशीही, अगदी काउंटरवरच्या माणसाशीही, पहिला शब्द ‘बाँझूर’. तो न म्हणता थेट प्रश्न विचारणं फ्रेंचांना उद्धट वाटतं. अनोळखी आणि वडीलधाऱ्यांना ‘व्हू’, म्हणजे आपलं ‘तुम्ही’. समोरच्याने सुचवल्यावरच ‘त्यु’.

सिनेमा वेळेवर सुरू होतो. फ्रेंच माणसाच्या घरी जेवायला मात्र दहा-पंधरा मिनिटं उशिरा जाणं हाच शिष्टाचार. आधी पोहोचलात तर यजमान अजून स्वयंपाकघरात असतील.

पेला उंचावताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचं. पेल्यात पाणी किंवा सरबत असलं तरी चालतं. चीजचा त्रिकोणी तुकडा असेल तर त्याचं टोक कापून घेऊ नका, लांबीत काप घ्या. टोकाकडचा मऊ भाग सगळ्यांना मिळावा म्हणून.

फुलं नेणार असाल तर शेवंती नेऊ नका. आपल्याकडे ती वेणीत आणि देवापुढे असते, फ्रान्समध्ये नोव्हेंबरच्या सुरुवातीला लोक ती आप्तांच्या थडग्यांवर वाहतात. मिठाईचा लहान डबा कधीही चालतो.

पाच घरांचा क्लब

गावात अलायन्स नसेल, किंवा आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी पत्रकार नगरापर्यंतची रहदारी नको वाटत असेल, तर पाच घरांनी मिळून महिन्याला एक संध्याकाळ ठरवा. दर घरी तीनशे रुपये वर्गणी, म्हणजे दीड हजारांचा निधी. तो पुरून उरतो.

क्रेपचं उदाहरण घ्या. पाव किलो मैदा, अर्धा लिटर दूध, चार अंडी, थोडं लोणी, चिमूटभर मीठ. यात पंधराएक क्रेप होतात. सगळं सामान दीडशे रुपयांच्या आसपास. वर साखर-लिंबू, जॅम किंवा चॉकलेट धरलं तरी तीनशेच्या आत. दहा जणांना दुप्पट करा. पीठ तासभर झाकून ठेवायचं, मग बिडाच्या किंवा नॉनस्टिक तव्यावर घावनासारखं पातळ पसरायचं. अंडं नको असेल तर कुट्टूच्या पिठाची गालेत करा. नवरात्रात हे पीठ ताजं मिळतं.

चीजची संध्याकाळ महाग पडते. जेवणानंतर खायचं असेल तर माणशी पन्नास ग्रॅम पुरे, म्हणजे दहा जणांना अर्धा किलो, तीन प्रकारांत. भारतीय बनावटीचं घेतलं तरी दीड-दोन हजार सहज जातात. वर्षातून दोनदा करा, आणि चीज खाण्याआधी तासभर फ्रिजबाहेर काढून ठेवा. थंडगार चीजला चवच लागत नाही, मग पैसे वाया.

खेळ हवा असेल तर पेताँक. दक्षिण फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झालेला हा धातूच्या गोळ्यांचा खेळ आपल्या सोसायटीच्या मातीच्या मोकळ्या पट्ट्यावर छान होतो. लहान लाकडी गोळी सहा ते दहा मीटरवर फेकायची आणि आपले गोळे तिच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. आजोबा आणि नातू एकाच संघात खेळू शकतात. हौशी खेळाचा संच एकदाच घ्यावा लागतो, पाच घरांत वाटला तर भार जाणवत नाही. स्पर्धेचे महाग गोळे सुरुवातीला नकोत.

घरापुरतं सगळं चालतं, पण सोसायटीच्या सभागृहात तिकीट लावून कार्यक्रम केलात तर नियम लागू होतात. आपल्या ओटीटी खात्यावरचा सिनेमा लोकांना जाहीरपणे दाखवता येत नाही, त्यासाठी प्रदर्शनाचे हक्क वेगळे घ्यावे लागतात. ध्वनिमुद्रित संगीत जाहीर कार्यक्रमात वाजवायला परवाना लागतो. मद्य द्यायचं असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तात्पुरता परवाना. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद. हे सगळे खर्च धरले की तिकीट लावून कार्यक्रम करण्याची हौस बहुतेकांची फिटते.

परदेशातल्या मराठी मंडळींना तर हे दार आणखी सोपं. अलायन्सची केंद्रं जगभर आहेत. न्यूयॉर्कमध्ये लालियाँस न्यूयॉर्क (आधीचं नाव एफआयएएफ) आणि लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये फ्रेंच इन्स्टिट्यूट अशीच काम करतात. वर दिलेले प्रश्न तिथेही तसेच विचारा, फक्त रुपयांच्या जागी डॉलर किंवा पौंड धरा.

तीन अंदाजपत्रकं

वर्षाचा हिशेब मांडून पाहू. रिक्षाला जाऊन-येऊन दीडशे आणि कॉफीला शंभर धरले आहेत. लोकलने किंवा बसने जाणाऱ्याचा खर्च याहून कमी येईल.

पाहुणा: महिन्याला एक मोफत कार्यक्रम, बारा संध्याकाळी. रिक्षा १,८००, कॉफी १,२००. एकूण ३,०००. एका संध्याकाळीला अडीचशे.

सभासद: वर्गणी २,०००, चोवीस कार्यक्रम, रिक्षा ३,६००, कॉफी २,४००, आणि शिवाय तिकिटाची दोन जेवणं मिळून ५,०००. एकूण १३,०००. यातली दोन जेवणं गाळली तर उरतात ८,०००, म्हणजे चोवीस संध्याकाळींना प्रत्येकी तीनशे तेहेतीस. दोन रात्रींच्या जेवणाने वर्षाच्या खर्चाचा तिसऱ्या भागाहून जास्त वाटा घेतला, आणि तोही वाइन न घेता.

विद्यार्थी: ए-१ची फी करासह २६,०००, पुस्तकं १,५००, अडीच तासांचे अठ्ठेचाळीस वर्ग म्हणजे रिक्षा ७,२००. एकूण ३४,७००. १२० तासांनी भागलं तर तासाला दोनशे नव्वदच्या आसपास. ऑनलाइन वर्ग घेतला तर रिक्षाचे सात हजार वाचतात, पण वर्ग संपल्यावर जिन्यात ज्या गप्पा होतात त्या जातात. हौसेसाठी शिकत असाल तर ही बचत करू नका. नोकरी किंवा स्थलांतरासाठी शिकत असाल तर जरूर करा.

पैसे भरण्याच्या काउंटरवर

शेवटी, कुठलीही फी भरताना काउंटरवर विचारायच्या गोष्टी. पुरेसे विद्यार्थी न मिळाल्याने वर्ग रद्द झाला तर पैसे परत मिळतात की पुढच्या सत्रात वळवले जातात? मी स्वतः मध्येच सोडलं तर किती कापतात? बुडलेला वर्ग दुसऱ्या बॅचमध्ये भरून काढता येतो का? परीक्षेची तारीख बदलली तर? उत्तर तोंडी मिळालं तर ‘मेलवर पाठवा’ म्हणा आणि जीएसटी क्रमांक असलेली पावती घ्या. नियम लेखी मागण्यात संकोच करू नका, फ्रेंच कारभारही कागदावरच चालतो.

क्रम सुचवायचा तर असा: पहिल्या सहा महिन्यांत एक सिनेमा, एक प्रदर्शनाचं उद्घाटन आणि एक संगीताची संध्याकाळ, तिन्ही मोफत. त्यातली दोन आवडली तर सभासदत्व. सभासद झाल्यावर संभाषण मंडळात दोनदा नुसतं बसून या. तिथे काही कळलं नाही तरी पुन्हा जावंसं वाटलं, तर वर्गाची फी भरा. आणि वाइनसकट महागडं जेवण ठेवा सगळ्यांत शेवटी. तोवर टेबलावर शेजारी बसलेल्या माणसाशी चार वाक्यं फ्रेंचमध्ये बोलता येतील, आणि मग त्या सव्वाचार हजारांचं काहीतरी पदरात पडेल.